लिस्बन : चार रात्रींची कला आणि खाद्यसहल

आपल्याकडून युरोपला जाणाऱ्या पर्यटकांची वाट बहुधा ठरलेली असते. लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंडचे डोंगर, जमल्यास रोम आणि व्हेनिस. युरोपच्या नैर्ऋत्य टोकाला, टेगस नदी अटलांटिकला मिळते तेथे वसलेली पोर्तुगालची राजधानी लिस्बन या वाटेवर येत नाही आणि सहल कंपन्यांच्या कार्यक्रमातही तिला क्वचितच जागा मिळते. तथापि ज्यांचा युरोप एकदा पाहून झाला आहे, किंवा कामानिमित्त युरोपात जाऊन ज्यांच्या हाती तीन-चार दिवस उरतात, त्यांनी या शहराचा अवश्य विचार करावा. शहर आटोपशीर आहे, पॅरिस-लंडनच्या तुलनेत स्वस्त आहे, संगीत आणि कलासंग्रह यांनी संपन्न आहे. शिवाय आपल्या ताटातील कितीतरी पदार्थांची नावे ज्या भाषेतून आली, ती येथे रस्त्यावर ऐकू येते. वडापाव म्हणताना त्यातला पाव पोर्तुगीज असतो आणि वड्यातला बटाटाही.

मात्र छोट्या सहलीत चुकीचा बेत सावरण्यास वेळ नसतो. सोमवारी बेलेमला गेलेल्या पर्यटकास प्रख्यात मठाचे दार बंद मिळते. दुपारी साडेतीनला भूक लागली तर चांगल्या खाणावळींचे स्वयंपाकघर विझलेले असते आणि संध्याकाळी सहाला जेवायला बसणाऱ्याच्या वाट्याला केवळ परदेशी पाहुण्यांसाठी थाटलेली हॉटेले येतात. त्यामुळे स्थळांची यादी करण्याआधी वार आणि जेवणाच्या वेळा कागदावर मांडाव्यात आणि उरलेल्या जागेत स्थळे बसवावीत. लिस्बनमध्ये हा क्रम फार उपयोगी ठरतो.

केव्हा जावे, किती दिवस जावे

एप्रिल, मे, सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असते आणि गर्दीही शिगेला पोहोचते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत अटलांटिकवरून पाऊस येतो, थंडी मात्र आपल्याला सोसवेल इतकीच असते. जूनचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. १२ जूनच्या रात्री आणि १३ जूनला शहर संत अंतोनियोचा उत्सव साजरा करते. हा संत लिस्बनचाच. जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांत कागदी पताका लागतात, दारोदारी कोळशावर सार्डिन मासे भाजले जातात आणि प्रियजनांना मांजेरिकूची लहानशी कुंडी भेट देतात. मांजेरिकू हे आपल्या तुळशी-सब्जाच्या कुळातील रोपटे. कुंडीत कागदाचे फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली असते. हा उत्सव अनुभवण्याजोगा आहे, पण त्या रात्री झोप मिळणार नाही आणि १३ जूनला संग्रहालये बंद असतील हे गृहीत धरावे. ज्यांना चित्रे आणि शांतता हवी त्यांनी तो आठवडा टाळावा.

वारांच्या दृष्टीने बुधवारी पोहोचून रविवारी निघणे सर्वांत सोयीचे. बहुतेक सरकारी संग्रहालये सोमवारी बंद असतात आणि रविवारी अनेक छोट्या खाणावळी सुटी घेतात. गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे तीन पूर्ण दिवस हाती आले की शहर घाई न करता पाहता येते. आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. लिस्बनच्या अनेक वास्तूंची सध्या दुरुस्ती चालू आहे अथवा नुकतीच झाली आहे. बेलेमचा मनोरा आणि गुलबेंकियन संग्रहालयाची मुख्य इमारत २०२५ मध्ये कामासाठी बंद करण्यात आली होती. विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर नजर टाकावी.

व्हिसा आणि प्रवास

पोर्तुगाल शेंगेन क्षेत्रात मोडतो. प्रौढांसाठी शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात दोन-तीन महिने हाताशी ठेवणे शहाणपणाचे. किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करावयाचा असतो. म्हणजे फ्रान्समध्ये आठ दिवस आणि लिस्बनमध्ये चार दिवस असा बेत असेल तर अर्ज फ्रान्सकडेच जाईल.

मुंबईहून जाताना बहुधा आखातात, इस्तंबूलला अथवा युरोपातील एखाद्या शहरी विमान बदलावे लागते. युरोपातील शेंगेन देशात विमान बदलल्यास सीमातपासणी तेथेच होते. ऑक्टोबर २०२५ पासून ही तपासणी टप्प्याटप्प्याने संगणकीय झाली असून प्रवाशाचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे सीमेवर घेतले जातात. दोन विमानांत तासाभराचेच अंतर ठेवू नये आणि पहिल्या संध्याकाळी नाटक, मैफल किंवा महागडे जेवण आरक्षित करू नये. लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे आणि मेट्रोची लाल मार्गिका तेथून निघते. अलामेदा स्थानकावर हिरव्या मार्गिकेत बदलले की मध्यवस्तीत पोहोचता येते.

मुक्काम बायशा, शियादू अथवा त्यालगतच्या भागात असावा. लिस्बन टेकड्यांचे शहर आहे. नकाशावर पाच मिनिटांचे दिसणारे अंतर प्रत्यक्षात पर्वतीच्या पायऱ्यांची आठवण करून देते. वाटेवर घातलेले लहान चौकोनी दगड पावलांनी घासून गुळगुळीत झालेले असून पाऊस पडला की त्यांवरून पाय सटकतो. तळव्याला पकड असलेले बूट सोबत हवेतच. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर सपाटीवरील बायशा आणि उद्वाहक असलेले हॉटेल हेच दोन निकष पुरेसे आहेत. हॉटेलच्या दराखेरीज प्रत्येक प्रौढामागे रात्रीस नगरपालिकेचा पर्यटनकर द्यावा लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तो ४ युरो झाला. आल्फामा या जुन्या वस्तीतील घरे अल्पमुदतीच्या भाड्याने मिळतात आणि ती मोहकही असतात. पण अशा घरांची संख्या वाढत गेल्याने गेल्या दशकात तेथील मूळ रहिवासी मोठ्या प्रमाणावर बाहेर फेकले गेले. ज्या वस्तीचे गाणे ऐकायला जायचे, तिच्या रहिवाशांचीच जागा आपण अडवू नये असे वाटणाऱ्यांनी साधे हॉटेल निवडावे.

पहिला दिवस : भूकंपानंतरचे शहर

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये असताना लिस्बनला प्रचंड भूकंपाचा धक्का बसला. पाठोपाठ समुद्राच्या लाटा नदीतून शहरात घुसल्या आणि मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. नदीकाठचा राजवाडा नष्ट झाला. हिंदुस्थानशी चालणाऱ्या व्यापाराचे कार्यालय, ‘काझा दा इंदिया’, त्याच परिसरात होते. आज त्या जागी प्रासा दु कोमेर्सियू हा प्रशस्त चौक आहे. पुढे मार्केझ द पोंबाल या नावाने प्रसिद्धीस आलेल्या मंत्र्याने शहराची नव्याने आखणी केली. सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते, सारख्या उंचीच्या इमारती आणि भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा पिंजरा, जेणेकरून जमीन हलली तरी इमारत कोसळू नये. भूकंपाचा विचार करून उभारलेल्या युरोपातील आरंभीच्या वस्त्यांमध्ये बायशाची गणना होते. रस्त्यांची नावेही व्यवसायांवरून पडली. कुठे सोन्याचा रस्ता, कुठे चांदीचा, कुठे चांभारांचा. पुण्या-मुंबईच्या जुन्या आळ्या आठवाव्यात अशी ही रचना आहे.

बायशातून चढून शियादूत यावे. वरच्या बाजूस कार्मू मठाचे छत कोसळलेले चर्च तसेच ठेवले आहे. उघड्या आकाशाखालच्या त्या कमानी पाहिल्या की १७५५ चा आघात कोणत्याही माहितीफलकाविना कळतो. जवळच १७३२ पासून चालत आलेले बेर्त्रांद हे पुस्तकांचे दुकान आहे आणि ‘अ ब्राझिलैरा’ या १९०५ च्या कॉफीगृहाबाहेर कवी फेर्नांदू पेसोआ याचा कांस्यपुतळा टेबलाशी बसलेला आहे. पुतळ्याशेजारी छायाचित्र काढण्यासाठी रांग लागते. त्या रांगेपेक्षा आतल्या लाकडी काउंटरपाशी उभे राहून ‘बिका’ घ्यावी. बिका म्हणजे घोटभर कडक कॉफी. उभ्याने प्याल्यास ती टेबलावरच्या कॉफीहून स्वस्त पडते आणि शहरातील निम्मे लोक ती उभ्यानेच पितात.

दुपारनंतर राष्ट्रीय आझुलेजू संग्रहालय गाठावे. आझुलेजू म्हणजे चकचकीत रंगीत फरशा. शब्द मूळ अरबी असून लिस्बनच्या घरांच्या दर्शनी भिंती याच फरशांनी मढलेल्या असतात. १५०९ मध्ये स्थापन झालेल्या एका जुन्या मठात हे संग्रहालय आहे. त्यातील सुमारे २३ मीटर लांबीचा निळा-पांढरा फलक चुकवू नये, कारण त्यावर भूकंपापूर्वीचे लिस्बन, त्याच्या राजवाड्यासह, घरा-घराने रेखाटलेले आहे. सकाळी नवे शहर पायाखाली घातल्यानंतर बुडालेले शहर येथे पाहावे. हा क्रम उलटा करू नये.

दुसरा दिवस : बेलेम आणि मिऱ्यांचा पैसा

शहराच्या पश्चिमेस नदीकाठी बेलेम आहे. क्रमांक १५ ची ट्राम मध्यवस्तीतून तेथे जाते. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामा याच काठावरून निघाला आणि मे १४९८ मध्ये कालिकतजवळ पोहोचला. राजा मानुएल पहिला याने येथे जेरोनिमुश मठाची उभारणी सुरू केली. आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावर आकारलेल्या सुमारे ५ टक्के कराचा पैसा त्यासाठी वापरला गेला. थोडक्यात, मलबारच्या मिऱ्यांनी या दगडाचा खर्च भागवला. मठाच्या आतील दुमजली चौकात दोरखंड, वेली, सागरी वनस्पती आणि नौकानयनाची उपकरणे इतक्या नाजूकपणे कोरली आहेत की दगडाचा विसर पडावा. चर्चमध्ये प्रवेश करताच एका बाजूला वास्को द गामाची आणि दुसऱ्या बाजूला महाकवी कामोंइश याची समाधी आहे. कामोंइशने आयुष्यातील काही वर्षे गोव्यात काढली होती. त्याचे महाकाव्य ‘उश लुझीआदश’ १५७२ मध्ये प्रसिद्ध झाले. गामाचा मृत्यू १५२४ मध्ये कोचीनला झाला आणि अस्थी नंतर पोर्तुगालला नेण्यात आल्या.

बेलेमच्या राष्ट्राध्यक्ष निवासासमोरील बागेत उंच स्तंभावर आफोंसू द आल्बुकेर्क उभा आहे. १५१० मध्ये गोवा जिंकणारा हाच. आपल्या हापूसचे नावही त्याच्याच नावावरून आले, असे मानतात. नदीकाठावर शोधयात्रांचे भव्य स्मारक आहे. आजचे दगडी रूप १९६० चे, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या केवळ एक वर्ष आधीचे. या परिसरात भारतीय पाहुण्याच्या मनात मिश्र भावना उमटणे स्वाभाविक आहे. शिल्प अप्रतिम आहे यात शंका नाही, परंतु १५६० मध्ये गोव्यात सुरू झालेले धर्मन्यायालय, पाडलेली देवळे, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेईपर्यंत चाललेला उत्तर कोकणातील अंमल, हे सारे या दगडांच्या मागे उभे आहे. दर्शनी वैभवात ती बाजू दिसत नाही. ती आपण घरून वाचून सोबत न्यावी.

मठात सकाळी दार उघडतानाच जावे आणि तिकीट आधी घ्यावे, अन्यथा उन्हात तास जातो. बाहेर पडल्यावर शेजारच्या ‘पश्तैश द बेलेम’कडे वळावे. १८३४ मध्ये पोर्तुगालमधील धर्मसंघ बरखास्त झाले आणि मठातील मंडळींचे उत्पन्न बंद पडले. मठाची कृती बाहेर आली आणि १८३७ पासून येथे अंड्याच्या बलकाच्या, करपट ठिपक्यांच्या, पापुद्री वाटीतल्या खीरवड्या विकल्या जात आहेत. शहरात इतरत्र याच धर्तीच्या पदार्थाला पश्तेल द नाता म्हणतात. गरम असतानाच वर दालचिनी भुरभुरून खावा. रस्त्यावरील लांबलचक रांग ही बहुधा बांधून नेणाऱ्यांची असते. आत निळ्या फरशांची अनेक दालने आहेत आणि तेथे बसायला जागा लवकर मिळते.

परतीच्या वाटेवर आल्कांतारा लागते. तेथे २००८ मध्ये उघडलेले म्यूझेऊ दु ओरियेंत, म्हणजे पौर्वात्य संग्रहालय आहे. इमारत मूळची खाऱ्या कॉड माशाचे गोदाम. पोर्तुगालचे आशियाशी संबंध दाखवणाऱ्या वस्तू आणि आशियाई लोककलांचा मोठा संग्रह तेथे आहे. त्याऐवजी जवळचे राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालय निवडता येईल. तेथील सोळाव्या-सतराव्या शतकातील जपानी पडद्यांवर जहाजातून उतरणारे लांब नाकांचे, फुगीर विजारींचे पोर्तुगीज पाहून हसू येते. आशियाने युरोपाकडे कसे पाहिले, याचा इतका बोलका पुरावा क्वचितच सापडेल. बेलेमचे सुवर्णपात्रही येथेच आहे. ते १५०६ चे असून वास्को द गामाने दुसऱ्या सफरीत आफ्रिकेतील किल्वा येथून खंडणीदाखल आणलेल्या सोन्याचे आहे. दोन्ही संग्रहालये एकाच दुपारी पाहण्याचा मोह आवरावा.

तिसरा दिवस : आल्फामा आणि फादो

आल्फामा ही भूकंपातून बऱ्याच अंशी वाचलेली वस्ती. नाव अरबी, गल्ल्या अरुंद, जिने वाकडेतिकडे. ११४७ मध्ये पहिला राजा आफोंसू एन्रिकेश याने शहर मूरांकडून जिंकले आणि त्याच काळात तेथील प्रधान चर्च उभे राहू लागले. वर साँव जोर्ज किल्ला आहे. किल्ल्याची तटबंदी बरीचशी विसाव्या शतकात नव्याने बांधलेली आहे, त्यामुळे तिकिटाच्या रांगेत उभे राहण्याऐवजी ग्रासाच्या चौकातून दिसणारा देखावा पाहिला तरी चालेल.

क्रमांक २८ ची पिवळी ट्राम याच चढणींवरून जाते. ती सुंदर आहे आणि खिसेकापूंची आवडतीही. सकाळी आठच्या सुमारास, कांपू द ओरीक या पश्चिमेकडील टोकापासून बसल्यास जागा मिळते. दोरावर चढणाऱ्या जुन्या गाड्यांबाबत मात्र सावध राहावे. ३ सप्टेंबर २०२५ रोजी ग्लोरिया मार्गावरील गाडी घसरून १६ जणांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर शहरातील अशा गाड्या तपासणीसाठी थांबवण्यात आल्या. कोणती सुरू झाली आहे याची ताजी माहिती घ्यावी. चालण्याची तयारी ठेवणे हेच उत्तम.

संध्याकाळ फादोसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिस्बनच्या बंदरालगतच्या गरीब वस्त्यांत हे गाणे रुजले. मोरारिया वस्तीतील मारिया सेव्हेरा ही त्याची पहिली दंतकथा. ती १८४६ मध्ये, अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेली. विसाव्या शतकात आमालिया रोद्रिगेश (१९२०-१९९९) हिने ते जगभर नेले. २०११ मध्ये युनेस्कोने फादोला अमूर्त वारशाचा दर्जा दिला. गाण्यामागचा भाव ‘सौदाद’ या शब्दाने सांगतात. त्याला मराठीत हुरहूर हा बऱ्यापैकी जवळचा शब्द आहे, जरी हुरहूर पुढच्याचीही असते आणि सौदाद बहुधा मागे राहिलेल्याची.

फादोघरात जाण्यापूर्वी दुपारी आल्फामातील फादो संग्रहालयात तास घालवावा. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात जुनी ध्वनिमुद्रणे ऐकता येतात आणि बारा तारांच्या पोर्तुगीज गिटारची ओळख होते. कान तयार झालेला असला की रात्रीचे गाणे उलगडते. फादोघरात जेवण आणि गाणे एकत्र असते व बहुतेक ठिकाणी किमान खर्चाची अट असते. आरक्षण करताना ती रक्कम विचारून घ्यावी. गाणे रात्री आठ-नऊनंतर रंगते. तीन-चार गीते झाली की विश्रांती, त्या वेळात पानावर वाढले जाते. गाणे सुरू झाले की दिवे मंदावतात, वाढपी थांबतात आणि बोलणारा पाहुणा सर्वांच्या रोषास पात्र होतो. आपल्याकडील खाजगी बैठकीत वाढलेल्या रसिकाला ही शिस्त परकी वाटणार नाही. ध्वनिवर्धकाशिवाय, हातभर अंतरावरून येणारा तो आवाज हाच सहलीचा सर्वांत महाग आणि सर्वांत वसूल होणारा खर्च समजावा. ज्यांना एवढा खर्च नको, त्यांनी हौशी गायक गातात अशा छोट्या पानगृहांची चौकशी करावी. त्याला फादो व्हादिऊ, म्हणजे भटका फादो म्हणतात. तेथे गळा कधी चढतो, कधी घसरतो, पण जिव्हाळा अस्सल असतो.

ताटावर काय घ्यावे

गोव्याच्या चवीची अपेक्षा ठेवून लिस्बनला जाणाऱ्याची थोडी निराशा होईल. पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणलेली मिरची आपण डोक्यावर घेतली, त्यांनी स्वतः तिला बेतानेच जवळ केले. तेथील स्वयंपाक मीठ, लसूण, ऑलिव्ह तेल आणि ताजा मासा यांवर उभा आहे. सुखद आश्चर्य म्हणजे युरोपात अन्यत्र अभावानेच दिसणारी हिरवी कोथिंबीर येथे मुबलक वापरतात. लसूण-कोथिंबिरीत शिजवलेल्या शिंपल्या, ‘अमैजुअश आ बुल्यांव पातू’, मालवणी माणसाला तिसऱ्यांची आठवण करून देतील. फक्त खोबरे नाही.

मुख्य मान बाकल्यावचा. हा खारवून वाळवलेला कॉड मासा, आणि गंमत अशी की तो पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मिळत नाही. पूर्वी न्यूफाउंडलंडच्या समुद्रातून यायचा, आता मुख्यतः नॉर्वे आणि आइसलँडहून येतो. दिवस-दीड दिवस पाणी बदलत भिजवून खारटपणा काढतात. नदीलगतच्या आर्सेनाल रस्त्यावरील दुकानांत फळ्यांसारखे रचलेले मासे पाहता येतात आणि त्यांचा वासही ओळखीचा वाटतो. आपल्या खाऱ्या माशाशी त्याचे नाते सरळ आहे. प्रथमच खाणाऱ्याने ‘बाकल्याव आ ब्राश’ घ्यावा. त्यात माशाचे धागे, बटाट्याच्या तळलेल्या बारीक काड्या आणि अंडे एकत्र परतलेले असते. सार्डिन जून ते ऑक्टोबरमध्येच मागावेत. एरवी ते गोठवलेले असण्याची शक्यता अधिक. सोमवारी ताज्या माशाचा आग्रह धरू नये, कारण रविवारी होड्या फारशा निघत नाहीत, असे जाणकार सांगतात.

दुपारचे जेवण साडेबारा ते तीन, रात्रीचे साडेसातनंतर. दुपारी छोट्या खाणावळीत, ‘ताश्का’त जावे आणि ‘प्रातू दु दिया’ म्हणजे त्या दिवसाचे ताट मागावे. कमी पैशांत उत्तम जेवण मिळते. पूर्ण वाढप दोघांना पुरते, म्हणून ‘मेया दोझ’ म्हणजे अर्धे वाढप आहे का ते विचारावे. बसताच समोर पाव, ऑलिव्ह, चीज येते. ते पाहुणचाराचे नसून त्याचे पैसे लागतात. नको असल्यास हात न लावता परत करावे, बिलात लागत नाही. मासा किलोवर विकला जात असेल तर भाजण्यापूर्वी वजन आणि किंमत विचारण्यात संकोच करू नये. बक्षिसीची सक्ती नाही, समाधान झाल्यास पाच-दहा टक्के पुरे.

शाकाहारी मंडळींना थोडे कष्ट आहेत, पण उपासमार नाही. ‘काल्दू व्हेर्द’ हे बटाटा आणि कोबीच्या कुळातील हिरव्या पानांचे सार सर्वत्र मिळते, त्यावर डुकराच्या सॉसेजची चकती टाकतात, ती नको असे आधीच सांगावे. ‘सेंय कार्न, सेंय पैश’ म्हणजे मांस नको, मासा नको. दोन्ही शब्द सांगणे आवश्यक, कारण केवळ मांस नको म्हटल्यास ताटात मासा येतो. ‘पैशीन्यूश दा ओर्ता’ या नावाचा अर्थ बागेतले छोटे मासे, प्रत्यक्षात ती फरसबीची भजी. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात जपानला नेलेल्या अशा तळणीतूनच तेंपुरा जन्मला, असे सांगतात. पिठात अंडे असू शकते, विचारून घ्यावे. चीजबाबत एक आनंदाची बाब आहे. आझैतांव आणि सेर्रा दा इश्त्रेला ही प्रख्यात चीज मेंढीच्या दुधाची असून ती प्राण्यांच्या पोटातील विरजणाने न लावता एका काटेरी रानफुलाच्या अर्काने लावली जातात. घरच्यासारखे जेवण हवेच असेल, तर लुमियार भागातील राधाकृष्ण मंदिराचे शाकाहारी भोजनालय ठाऊक असावे. तेथील हिंदू समाज प्रामुख्याने गुजराती असून १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर त्यातील अनेक कुटुंबे लिस्बनला आली. जाण्यापूर्वी वेळ विचारावी.

गोड पदार्थांत अंड्याच्या बलकाचे राज्य आहे. मठांत पांढरा भाग कपड्यांच्या खळीला आणि मद्य नितळ करण्यास जाई आणि उरलेल्या बलकाची मिठाई होई, अशी त्याची पारंपरिक उपपत्ती. गोव्याची बिबिंका याच घराण्यातली. अंडे वर्ज्य असणाऱ्यांना येथे फळांवर समाधान मानावे लागेल. काउंटरवर त्रिकोणी ‘शामूसा’ दिसला तर दचकू नये. तो आपला सामोसाच, गोवा आणि मोझांबिकमार्गे येऊन आता पूर्णपणे लिस्बनचा झालेला. त्यात बहुधा मांस असते. गोव्याची शाकुती आणि विंदालू देणारी उपाहारगृहेही शहरात आहेत. विंदालूचे मूळ पोर्तुगीज, मदिरा बेटावर नाताळात आजही होणारे वाइन-लसणातले मांस. म्हणजे पदार्थ गेला, मिरची-मसाला लेवून परत आला.

एखादी संध्याकाळ मोकळी असेल तर कायश दु सोद्रे येथून काशील्याशला जाणारी होडी घ्यावी. दहा मिनिटांचा, किरकोळ भाड्याचा प्रवास. पलीकडच्या काठावर साधी मासळीची उपाहारगृहे आहेत आणि सूर्यास्ताच्या वेळी सगळे लिस्बन समोर उतरणीवर मांडलेले दिसते. त्याच बंदराजवळच्या रिबैरा बाजाराच्या एका भागात २०१४ पासून नामवंत बल्लवांचे खाद्यगाळे आहेत. सोय मोठी, गोंगाटही मोठा. त्यापेक्षा सकाळी दुसऱ्या बाजूचा भाजी-मासळीचा बाजार पाहावा.

राहिला प्रश्न सिंत्राचा. रोस्सियू स्थानकातून आगगाडीने सुमारे पाऊण तासावर असलेले हे डोंगरावरील राजवाड्यांचे गाव प्रत्येक मार्गदर्शिकेत अनिवार्य म्हणून दिलेले असते. तीन दिवसांच्या बेतात ते बसवू नये. राजवाड्याची वेळेची तिकिटे, चढण आणि गर्दी यांत अख्खा दिवस जातो आणि तो आल्फामाच्या वाट्याचा असतो. पाचवी रात्र असेल तर मात्र अवश्य जावे, सकाळच्या पहिल्या गाड्यांनी.

परतताना भेटवस्तू म्हणून रंगीत डब्यांतले सार्डिन घ्यावेत. केवळ पर्यटकांसाठी सजवलेल्या दुकानांत त्यांची किंमत दुप्पट-तिप्पट असते, तोच दर्जा साध्या वाणसामानाच्या दुकानात मिळतो. डबे तेलाचे असल्याने हाती न बाळगता विमानात जमा करायच्या सामानात ठेवावेत.